भेगारामाने बाद केलेला सांधा

माझ्या साडूला कारखान्यात सगळे भेगाराम म्हणत. तोंडावर इन्स्पेक्टरसाहेब, पाठ वळली की भेगाराम. आणि त्याची पाठ बहुतेक वेळ वळलेलीच असे, कारण गडी कायम कुठल्या तरी पाइपाखाली डोकं खुपसून बसलेला. साडू म्हणजे आमच्या बायका सख्ख्या बहिणी. त्याची थोरली, माझी धाकटी. सासऱ्यांनी थोरलीसाठी चपला झिजवून हुशार जावई शोधला, आणि धाकटीच्या वेळी ते दमले, तेव्हा मी मिळालो. हे माझं मत नव्हे, सासूबाईंचं. त्या हे माझ्यासमोरच सांगायच्या, आणि वर वाढताना आग्रहही करायच्या.

मी त्याच कारखान्यात क्रेन चालवायचो. आमच्याकडे बॉयलर बनायचे. बॉयलर म्हणजे पोटात वाफ कोंडलेला लोखंडी हत्ती. त्याच्या अंगात कुठं केसाएवढी भेग राहिली, तर तो एक ना एक दिवस फुटणार आणि जाताना छप्परही सोबत नेणार. आता ही भेग शोधायची कशी? कापून बघावं तर बॉयलर गेला. फोडून बघावं तर विचारूच नका. तेव्हा न कापता, न फोडता आतलं दुखणं बाहेरून सांगायचं, हा भेगारामाचा धंदा. मडकं घेताना बाई बोटाने वाजवून बघते ना, तेच हे, फक्त शास्त्राच्या पुस्तकात घातलेलं.

त्याच्याकडे नाना तऱ्हा होत्या. एका यंत्रातून तो लोखंडात आवाज सोडायचा. तो आवाज माणसाला ऐकू येत नाही, पण आत भेग असली की तिला आपटून परत येतो आणि पडद्यावर उडी मारून दाखवतो. दुसरी तऱ्हा लाल रंगाची. लोखंडाला लाल औषध फासायचं, पुसून टाकायचं, वर पांढरी पूड उडवायची. भेगेत लपलेला लाल रंग मग वर डोकावतो, पावडर थापलेल्या गालावर घामाचा ओघळ दिसावा तसा. ह्या रंगापायी त्याचे हात कायम लाल. एकदा मामेसासऱ्यांना बघायला दवाखान्यात गेला, तर दारावरचा पहारेकरी म्हणाला, "आधी पोलिसांकडे जाऊन या, मग पेशंटला भेटा."

बरं, कारखान्यात तपासतो तेवढं पुरे की नाही? नाही. एकदा जाडी मोजायचं यंत्र घेऊन स्वारी आमच्या घरी टपकली. आमच्या हिचं लग्नातलं मोठं पातेलं ओट्यावर उपडं होतं. ह्याने त्यावर चिकट मलमाचा थेंब टाकला, यंत्राचं बोंड टेकवलं आणि आकडा बघून म्हणाला, "धाकटे, तळ निम्मा उरलाय. भांडी घासतेस की खातेस?"

ही म्हणाली, "भावोजी, ते जरा तुमच्या डोक्याला लावून बघा. तिथं किती उरलंय ते कळू दे ताईला."

आत भाजी निवडत बसलेली ताई म्हणाली, "मला ठाऊक आहे. मशीन खराब करू नका."

असा हा माणूस. कलिंगड घेताना सगळी गाडी वाजवून बघणारा, आणि शेवटी न घेताच येणारा, कारण एकाचाही आवाज मनासारखा नाही. नवी फरशी बसवली की टकटक. डॉक्टर ह्याच्या छातीला नळी लावायचा, तेव्हा हा डॉक्टरला विचारायचा, "नळी शेवटची कधी तपासली होती?"

आणि नियम! इन्स्पेक्टरने वेल्डरकडून काही म्हणजे काही घ्यायचं नाही, हा नियम कागदावर होता की नाही देव जाणे, पण भेगारामाच्या हाडात होता. भर उन्हात त्याची स्कूटर बंद पडली. मागून एक वेल्डर आला, म्हणाला, "साहेब, बसा मागे." ह्याने मान हलवली आणि स्कूटर ढकलत घर गाठलं. घरी येऊन ताईला सांगतो, "उद्या त्याचा सांधा बाद करायची वेळ आली तर?" ताई म्हणाली, "आधी तुमच्या गुडघ्याचा सांधा बघा."

आता अशा माणसाच्या पोटी देवाने काय द्यावं? मुलगी दिली, आणि तिला आमच्याच कारखान्यात नकाशे काढायच्या खात्यात नोकरी दिली. नकाशे घेऊन ती वेल्डिंगच्या शेडमध्ये जायची, आणि तिथं होता ठिणग्या. ठिणग्या आमचा सगळ्यात चांगला वेल्डर. शर्टाला इतकी भोकं, की वाळत घातला तर चाळण वाटावी, पण सांधा घालायचा तो असा, की मी वर क्रेनवरून नुसता बघत बसायचो आणि खालचे लोक बोंबलायचे, "झोपला का रे वरचा?"

त्या रात्री आम्ही त्यांच्याकडे जेवायला होतो. ताटं वाढलेली. पोरगी पाणी ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, मला ठिणग्याशी लग्न करायचंय."

भेगारामाचा घास हातातच राहिला. "कोण ठिणग्या? आमचा?"

"आता आमचा," पोरगी म्हणाली.

"वेल्डर? अगं, मी ज्याच्याकडून पाणी घेत नाही, त्याला मुलगी देऊ?"

ताई शांतपणे म्हणाली, "घ्यायचं नाही असा नियम आहे ना? द्यायला कुठं बंदी आहे?"

मला ठसका लागला. हिने माझ्या पाठीत धपाटा घातला, जरुरीपेक्षा जोरात.

पण खरी गोम वेगळीच होती, ती त्याने नंतर अंगणात मला सांगितली. मुलगा वाईट नाही, हे त्यालाही मान्य. पण सासऱ्याने जावयाचे सांधे पास केले तर शेडमध्ये बोंब होणार. म्हणजे एक्स-रेच्या फिल्म वाचायचं काम दुसऱ्या कुणाकडे जाणार. आणि तो फिल्मचा दिवा, ती काळी खोली, हे भेगारामाचं देवघर होतं. सांध्याचा एक्स-रे काढायचा, फिल्म धुवायची, वाळवायची, मागून दिवा लावून एकेक ठिपका वाचायचा. हा माणूस वर्तमानपत्र वाचायचा नाही, फिल्म वाचायचा. एकीकडे पोरगी, एकीकडे दिवा. "साडूबुवा, तुम्ही काय कराल?" त्याने विचारलं. मी म्हणालो, "मला कुणी दिवाच दिला नाही, मी काय सांगू?"

दुसऱ्या दिवशी त्याने पोरीला अट घातली. मोठ्या बॉयलरच्या पिंपाचा गोल सांधा ठिणग्या करणार होता. शेडमधलं सगळ्यात अवघड काम. त्यात काही निघालं नाही, तर लग्नाला होकार. निघालं, तर विषय बंद.

"नियमात बारीक ठिपके चालतात, बाबा."

"माझ्या घरात नाही चालत."

"म्हणजे बॉयलरला चालतील, जावयाला नाहीत?"

"बॉयलर माझ्या घरी जेवायला येत नाही."

ताई म्हणाली, "पकडणारे तुम्ही, निकाल देणारे तुम्ही. वा!" पण पोरीने हात पुढे केला. तिचा ठिणग्यावर एवढा भरवसा, की बापाच्या नजरेवरही तिने भरवसा टाकला.

सांधा झाला. एक्स-रे काढायच्या वेळी दोरी बांधून, लाल निशाण लावून सगळ्यांना लांब पिटाळतात, तसं पिटाळलं. मग भेगाराम फिल्म घेऊन काळ्या खोलीत गेला. सगळे वाट बघतायत. दार उघडलं, आणि त्याचा चेहरा बघून मला कळेना, की ह्याला आनंद झालाय की कुणी गेलंय.

"भेग आहे," तो म्हणाला. "वाकडी, पण भेगच. सांधा बाद."

ठिणग्याने नुसतं विचारलं, "कुठं?"

आमच्या शेडची एक रीत होती. सांधा बाद झाला तर इन्स्पेक्टरने खडूने खूण करायची, आणि वेल्डरने सगळ्यांसमोर ग्राइंडरने तो उकरायचा, भेग दिसेपर्यंत. दिसली की वेल्डर "मान्य" म्हणणार आणि इन्स्पेक्टर मुकाट्याने निघून जाणार. टोमणा मारायचा नाही. ही रीत कुणी घातली माहीत नाही, पण ती होती म्हणून आमच्याकडे हाणामाऱ्या कमी झाल्या.

भेगारामाने खूण केली. ठिणग्या उकरायला लागला. थोडं उकरलं, की लाल रंग, पुसणं, पांढरी पूड. पूड पांढरीच. लाल म्हणून काही येईना.

"अजून खाली," भेगाराम म्हणाला.

पुन्हा ग्राइंडर, पुन्हा रंग, पुन्हा पूड. पांढरी. मी क्रेन थांबवून वरून वाकून बघतोय. नकाशाचं खातं सोडून पोरगीही येऊन उभी. खड्डा आधी बशीएवढा, मग वाटीएवढा. एक म्हातारा फिटर म्हणाला, "साहेब, अजून खाली गेलो तर विहिरीला पाणी लागेल." हसू पिकलं. भेगाराम हसला नाही. खड्ड्यात टॉर्च मारून तो इतका आत वाकला, की टोपी आत पडली.

मग तो उठला आणि काळ्या खोलीत गेला. मी खाली उतरून मागोमाग गेलो, साडू आहे म्हणून, आणि मला राहवेना म्हणूनही. त्याने फिल्म काढली, पण दिव्यावर लावली नाही. खिडकीजवळ नेऊन उजेडात तिरकी धरली, पत्रा वाकलाय का बघतात तशी. फिल्मला बारीक मुडप पडलेली. चंद्रकोरीसारखी. त्याने आपला अंगठा त्यावर ठेवला. नख बरोब्बर बसलं. निकाल बघायच्या घाईत वेष्टनातून काढताना त्याने फिल्म चिमटीत दाबली होती, आणि अशी दाबलेली जागा धुतल्यावर काळी उमटते. हे तोच नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवायचा.

मी म्हणालो, "आता?"

तो फिल्म घेऊन दाराकडे वळला. बाहेर आलो. ठिणग्या ग्राइंडर खाली ठेवून उभा होता. त्याने ह्याचा चेहरा बघितला आणि हळूच म्हणाला, "साहेब, बारीक असेल तर ग्राइंडरमध्येच उडून गेली असेल. होतं असं."

अहो, सोन्यासारखी वाट दिली पोराने! होतंच तसं. "उडून गेली" म्हटलं असतं, तर भेगारामाची लाज वाचली असती, दिवा वाचला असता, विषय बंद झाला असता. पोरगी बापाकडे बघतेय. सगळी शेड बघतेय. मी मनात म्हणालो, साडूबुवा, आता कळेल तुम्ही आतून कसे आहात.

भेगारामाने फिल्म डोक्यावर धरली, मागच्यांनाही दिसावी म्हणून. "भेग सांध्यात नाही," तो म्हणाला. "फिल्मवर आहे. माझ्या नखाची. सांधा चांगला होता, मी उकरून टाकला."

मग ठिणग्या म्हणाला, "मान्य," आणि पुन्हा हसू फुटलं, कारण हा शब्द नेहमी वेल्डरने हरल्यावर म्हणायचा असतो.

आता खड्डा भरायला हवा, आणि त्याचा पुन्हा एक्स-रे हवा. भेगाराम सरळ साहेबाच्या केबिनमध्ये गेला आणि सांगून आला, की ही फिल्म तो वाचणार नाही, आणि ह्या वेल्डरची ह्यापुढची कुठलीच वाचणार नाही. कारण विचारलं तर म्हणाला, "मी मुलीचा बाप आहे. घाई कशाने झाली ते मला कळलंय."

शेजारच्या कारखान्यातून इन्स्पेक्टर मागवला. कोवळा, इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतःचं भिंग. तो काळ्या खोलीत शिरला, आणि भेगाराम जन्मात पहिल्यांदा दाराच्या बाहेर. इकडून तिकडे, तिकडून इकडे. बाळंतिणीच्या खोलीबाहेरही हा एवढा फिरला नव्हता, असं ताईच सांगते. तेव्हा तो दवाखान्याचे पाइप तपासत होता.

दार उघडलं. "एक बारीक ठिपका आहे," तो पाहुणा म्हणाला. "मापात बसतो. पास."

पोरीने बापाकडे बघितलं. अट ठिपक्याचीच होती. ठिणग्या बुटांकडे बघायला लागला.

भेगारामाने लाल हात विजारीला पुसले. मग ठिणग्याकडे वळून म्हणाला, "काय हो, तुमच्या घरची मंडळी कधी येतायत बोलायला?" त्या दिवसापर्यंत तो ठिणग्याला "ए" म्हणायचा.

पोरीने तिथंच, सगळ्यांसमोर, बापाला मिठी मारली. दोघांच्याही अंगाला पांढरी पूड लागली.

मग जरा स्थिरस्थावर झाल्यावर भेगाराम पाहुण्याजवळ सरकला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ठिपका कुठल्या बाजूला आहे? जरा दाखवा तरी."

पाहुण्याने फिल्म पाकिटात घातली. "नाही हो दाखवता येणार, साहेब. तुम्ही आता मुलीकडचे."