शेवंतीबाईंचं माथेरान

घोडपदेवच्या आमच्या चाळीत कोणाला माथेरानला जायचं असलं की तो आधी दुसऱ्या मजल्यावर शेवंतीबाई घाडींकडे जायचा. दस्तुरी नाक्यापुढे गाडी सोडत नाहीत, तिथून पायी जा नाहीतर मिनी ट्रेन धरा. माकडांसमोर पिशवी उघडू नका. शार्लोट तलावावर दुपारी जा, तेव्हा गर्दी जेवायला गेलेली असते. आणि पांढरे कपडे घालू नका, तिथली लाल माती सहज निघत नाही. आम्ही गेलो तेव्हा माझ्या नवऱ्याने हे शेवटचं ऐकलं नाही. त्याच्या झब्ब्याने मी अजून खिडकीच्या काचा पुसते.

शेवंतीबाई स्वतः माथेरानला कधीच गेल्या नव्हत्या.

गेल्या डिसेंबरपर्यंत हे दोघांनाच ठाऊक होतं. एक त्या स्वतः आणि दुसरा त्यांचा नवरा रामू, जो आठ वर्षांपूर्वी वारला. निदान शेवंतीबाईंचा तसा समज होता.

त्यांचं लग्न पंच्याहत्तर सालच्या डिसेंबरातलं. रामू गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला होता. दहा बाय बाराच्या खोलीत सासू, सासरे, दोन दीर, एक नणंद आणि ही दोघं. नवं जोडपं म्हणून यांना पोटमाळा दिला होता. पण वर कोणी नुसती कूस बदलली तरी फळ्या करकरायच्या आणि खालून सासूबाई विचारायच्या, "ढेकूण चावतत काय गो?"

महिनाभर असे ढेकूण चावल्यावर रामूने विचार केला. त्याचा गिरणीतला एक जोडीदार वरळीच्या बीडीडी चाळीत एकटा राहायचा. तो गावी जाताना खोलीची किल्ली रामूकडे ठेवून गेला. सव्वीस जानेवारीला सुट्टी होती. रामूने घरी सांगितलं, "आम्ही माथेरान बघून येतो. सकाळी जाणार, दिवेलागणीला परत." पहाटे दोघं पिशवी घेऊन निघाली आणि वरळीला उतरली. संध्याकाळी परत येताना दादरला थांबून त्यांनी चिक्कीचं पाकीट आणि शेवंतीसाठी चामड्याच्या चपला घेतल्या. माथेरानहून येणारी माणसं हेच आणतात, एवढं रामूला माहीत होतं.

सासूबाईंनी चिक्की फोडता फोडता चौकशी सुरू केली.

"माकडां होती?"

"खूप," दोघं म्हणाली.

"घोड्यार बसलास?"

"नाय," रामू म्हणाला.

"होय," शेवंती त्याच वेळी म्हणाली.

सासूबाईंनी चिक्की खाली ठेवली. मग रामूने खुलासा केला, की ती बसली होती आणि आपण लगाम धरून पुढे चालत होतो. सासूबाईंना हे इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी नळावर प्रत्येकीला सांगून झालं. शेवंती घोड्यावर आणि रामू पुढे लगाम धरून, हे चित्र चाळीला पाठ झालं. ऑक्टोबरच्या अखेरीस मुलगा झाला तेव्हा बायकांनी बोटांवर महिने मोजले आणि एकमेकींकडे बघितलं. मुलाचं नाव हितेंद्र ठेवलं, पण चाळीत त्याला आजपर्यंत कोणी त्या नावाने हाक मारलेली नाही. तो माथ्या. माथेरानचा म्हणून माथ्या.

एकदा गेलेली बाई म्हटल्यावर लोक विचारायला येऊ लागले. सुरुवातीला शेवंतीबाई थापाच मारायच्या. पण माणसं जाऊन आली की त्यांच्याकडे बसायची, आणि त्या सहज विचारायच्या, "तो अमुक पॉइंट अजून तसाच आहे का?" येणारा भाबडेपणाने सगळं सांगायचा. ते त्या पुढच्याला सांगायच्या. असं करत करत पंधरावीस वर्षांत त्यांचं माथेरान अगदी बिनचूक झालं. ई-रिक्षा सुरू झाल्या तेव्हा ती बातमी चाळीत सगळ्यात आधी त्यांच्याकडे होती.

आणि गेल्या डिसेंबरात त्यांच्या नातीने, आकांक्षाने, एका रविवारी जेवताना जाहीर केलं की आपण सगळे एक दिवस माथेरानला जायचं.

"आजी घोड्यावर बसणार, पप्पा लगाम धरणार. मी व्हिडिओ काढणार. पप्पांना त्यांचं गाव तरी बघू दे." तिने तिथल्या तिथे फोनवर 'माथ्या चालला माहेरी' असा ग्रुपसुद्धा केला.

हितेंद्र हसला, पण त्याला ती कल्पना मनापासून आवडली होती. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, आपल्या नावाचा डोंगर त्याने पाहिलेला नव्हता. दर वर्षी ठरायचं आणि दर वर्षी आईचं काहीतरी निघायचं. कधी गुडघा, कधी कोणाचं लग्न.

या वेळीही शेवंतीबाईंनी प्रयत्न केले. आधी म्हणाल्या, थंडी फार असते. सून मानसी म्हणाली, "आई, मी तुमच्यासाठी स्वेटर घेते." मग म्हणाल्या, तिथे आता पूर्वीची मजा राहिली नाही. आकांक्षा म्हणाली, "पूर्वीची मजा तू केलीस, आता आम्ही करतो." शेवटी त्यांनी गुडघ्याला हात लावला. त्यावर मानसीने शांतपणे सांगितलं, "म्हणूनच तर घोडा आहे."

दार उघडंच होतं. शेजारच्या खोलीतल्या बकुळाबाई वाटीभर सोलकढी घेऊन आत आल्या. त्या आणि शेवंतीबाई लग्न होऊन एकाच वर्षी चाळीत आलेल्या. सगळं बोलणं त्यांनी बाहेर उभं राहून ऐकलं होतं.

"मी पण येते," त्या म्हणाल्या. "शेवंतीबरोबर माथेरान बघायचं फार दिवस मनात आहे."

संध्याकाळी गॅलरीत दोघी मेथी निवडत बसल्या. शेवंतीबाई म्हणाल्या, गाडीत पाचवं माणूस अडचणीचं होईल. बकुळाबाईंनी एक जुडी पूर्ण निवडून ठेवली आणि मग मालवणीत सुरू केलं.

"शेवंते, माझो भाव वरळीक रवायचो, आठवता तुका?"

"त्याचा काय आता?"

"पंचाहत्तरात लग्न झाला तुमचा. पुढच्या सव्वीस जानेवारीक मी त्याच्याकडे गेललंय. समोरच्या चाळीच्या खिडकीत तू केस पुसत उभी होतंस."

शेवंतीबाईंच्या हातातली काडी हातातच राहिली. त्यांनी विचारलं, "मग इतकी वर्षां बोलाक नाय कोणाक?"

"माका कोणी इचारल्यानी नाय." बकुळाबाईंनी पालेभाजी झटकली. "आणि आमच्याकडे पोटमाळोसुद्धा नव्हतो गो. मी कोणाक काय बोलतलंय?"

पण एवढी वर्षं धरून ठेवलेली गोष्ट त्या फुकट सोडणार नव्हत्या. त्यांची अट एकच होती. आपण जन्मभर गप्प बसू, पण शेवंतीने खरोखर घोड्यावर बसायचं, आणि तेही न घाबरता, पूर्वी बसलेल्या बाईसारखं. शेवंतीबाईंना कुत्र्याची भीती वाटत नाही, उंदराची नाही, पण कोपऱ्यावर वरातीचा घोडा उभा असला तर त्या रस्ता बदलून जातात. बकुळाबाईंना हे माहीत होतं. म्हणूनच ती अट होती.

पुढचे तीन आठवडे घरात बेत रंगत गेला. आकांक्षा यादी करायची आणि शेवंतीबाई त्यात दुरुस्त्या करायच्या. निघायचं पहाटे पाचला, म्हणजे मिनी ट्रेनच्या तिकिटाची रांग लहान मिळते. घावणे आणि चटणी डब्यात, पण डबा पिशवीत आणि पिशवी साडीच्या पदराखाली, माकडांमुळे. गाडी भाड्याची, चालक मात्र घाट चढलेला हवा. त्या इतक्या ठामपणे बोलायच्या की मानसीने सगळं फोनमध्ये लिहून घेतलं. बकुळाबाई मधूनच येऊन एखादा प्रश्न टाकायच्या. "शेवंती, तेव्हा घोडा कुठल्या रंगाचा होता?" "तपकिरी," शेवंतीबाई त्यांच्याकडे न बघता सांगायच्या. दोन दिवसांनी पुन्हा, "पांढरा होता ना गं तो?"

आणि दुपारी घरची माणसं कामावर गेली की सराव चालायचा. हे मी स्वतः पाहिलं. मी शिकवते ती शाळा लवकर सुटली म्हणून मी अडीचला आले, तर जिन्यामागे कोणाची तरी मोटारसायकल स्टँडवर लावलेली होती आणि तिच्यावर शेवंतीबाई बसल्या होत्या. अंगात मानसीचा जुना पंजाबी ड्रेस, डोळे गच्च मिटलेले. बकुळाबाई समोर हँडल धरून उभ्या होत्या आणि ते डावीउजवीकडे हलवत होत्या.

"पाठ सरळ ठेव," त्या सांगत होत्या. "हसतमुख राहा."

मला बघून दोघी थांबल्या. "गुडघ्याचा व्यायाम," शेवंतीबाई म्हणाल्या. "डॉक्टरने सांगितलाय." मी मान डोलावली आणि वर गेले. मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं, पण कोणता डॉक्टर असा व्यायाम देतो, हा विचार मी संध्याकाळपर्यंत करत होते.

जानेवारीतल्या एका शनिवारी पाच जण निघाले. शेवंतीबाईंनी ठरवल्याप्रमाणे एकेक गोष्ट घडत गेली. रांग लहान मिळाली. दस्तुरी नाक्याजवळच्या अमन लॉज स्टेशनहून मिनी ट्रेनमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाजारात एका कुटुंबाची वेफरची पाकिटं माकडांनी पळवली, घाडींचे घावणे सुखरूप राहिले. हितेंद्र प्रत्येक वळणावर आईकडे बघून मान हलवत होता. "एवढ्या वर्षांनी किती लक्षात आहे हिच्या," तो मानसीला म्हणाला. बकुळाबाईंना खोकला आला.

बाजारातच घोडे उभे होते. आकांक्षाने एक तपकिरी घोडा निवडला, जुन्या गोष्टीतला. घोडेवाला म्हातारा होता. त्याने शेवंतीबाईंना दगडी ओट्यावर चढवलं, एक पाय रिकिबीत अडकवून दिला आणि अलगद वर घेतलं. हितेंद्रने पुढे होऊन लगाम हातात घेतला. त्याचा चेहरा गंभीर झाला होता. आकांक्षाचा फोन सुरू होता.

सगळं ठीक चाललं होतं. पाठ सरळ होती, चेहराही हसरा होता. तेवढ्यात घोड्याने नुसतं अंग झटकलं.

"आजी, पहिल्यांदा बसताय का?" घोडेवाल्याने विचारलं.

"होय रे बाबा, पहिल्यांदाच," शेवंतीबाई खोगीर दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या, "जन्मात कधी बसले नाही. हळू घे त्याला."

आकांक्षाने फोन खाली केला. हितेंद्र वळला.

"पहिल्यांदा?"

"मी काय बोललेली नाही हां," बकुळाबाई बाजूला सरकत म्हणाल्या.

शेवंतीबाईंनी खाली बघितलं. उतरायचं कसं ते त्यांना शिकवलेलं नव्हतं, पळून जायचं तर घोडा ताब्यात नव्हता. शेवटी त्यांनी वर बसूनच सांगायला सुरुवात केली. पोटमाळा, सासूबाईंचे ढेकूण, जोडीदाराची किल्ली, दादरची चिक्की, सगळं. घोडेवाला एकदोनदा "मग?" म्हणाला.

लगाम धरून हितेंद्र चालायला लागला आणि घोडा त्याच्यामागे. एको पॉइंटच्या वाटेवर निम्मं अंतर असंच गेलं. त्याला वाईट वाटलं असावं. अठ्ठेचाळीस वर्षं ज्या नावाने लोकांनी हाक मारली, ज्यावरून शाळेत मारामाऱ्या झाल्या, लग्नात बायकोने ज्या नावाचा उखाणा घेतला, ते नावच खोटं निघालं होतं.

"मला तरी सांगायचं ना, आई," तो शेवटी मागे न बघता म्हणाला.

"काय सांगू? तू लहान होतास तेव्हा सांगण्यासारखं नव्हतं, मोठा झालास तेव्हा तुझ्या बाबांना लाज वाटायची." त्यांनी खोगीर नीट धरलं. "दिवस चांगला गेला होता रे तो. नुसता माथेरानला गेला नव्हता."

हितेंद्र आणखी दहा पावलं चालला. मग म्हणाला, "म्हणजे मी वरळीचा."

"वरळीचा."

"वीस वर्षं माझं ऑफिस वरळीला आहे." असं म्हणताना त्याचे खांदे हलायला लागले. मानसीला आधी वाटलं तो रडतोय. तो रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसला आणि पोट धरून हसला. ते बघून आकांक्षा हसली, मग सगळेच हसले. घोडेवाल्याने तेवढ्यात लगाम स्वतःकडे घेतला, कारण घोडा पुढे निघाला होता आणि त्यावरच्या आजीला थांबायचं नव्हतं. त्या दिवशी शेवंतीबाई एको पॉइंटला गेल्या, तलावाला गेल्या, आणि जेवणानंतर पुन्हा तासभर त्याच घोड्यावर बसल्या. बकुळाबाई पायी. त्यांनी दुसरा घोडा मागितला, तेव्हा शेवंतीबाईंनी वरून सांगितलं, "तुका सराव नाय गो."

ही सगळी हकीकत मला बकुळाबाईंनी सांगितली. कारण या वेळी मी विचारलं होतं.

चाळीतलं नुकसान एवढंच झालं, की शेवंतीबाईंचा माथेरानचा सल्ला आता कामाचा राहिला नाही. कोणी विचारायला गेलं तर त्या त्यांच्या घोड्याच्या स्वभावाबद्दल अर्धा तास बोलतात आणि पार्किंगचं विचारलं की म्हणतात, ते सगळं मानसी बघते. हितेंद्रला लोक अजून माथ्याच म्हणतात. त्याने कोणाला दुरुस्त केलेलं नाही.

मागच्या आठवड्यात दोघी मैत्रिणींनी जाहीर केलं की मे महिन्यात आम्ही दोन दिवस महाबळेश्वरला जाणार आहोत आणि बरोबर कोणालाही नेणार नाही. आकांक्षाने टाळ्या वाजवल्या. मानसीने औषधांची विचारपूस केली. हितेंद्र चहा पीत बसला होता. त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "आई, हॉटेलचा फोन नंबर लिहून देऊन जा."

शेवंतीबाईंनी तो अजून दिलेला नाही.