वेळ लिहायची राहिली

आम्ही काही हौशी मंडळी मिळून मराठी टायपिंगचं एक मोफत सॉफ्टवेअर बनवतो. बैठकीची वेळ ग्रुपवर मी कळवतो. वार, तारीख, परदेशातल्यांच्या वेळा, सगळं बिनचूक. खाली दोन अंगठे उमटतात, मग शांतता.

मी गावाला गेलो तेव्हा माझ्याऐवजी आमच्यातल्या मीनलने लिहिलं, "शनिवारी भेटू या रे सगळे." वेळ विसरली. मला बरं वाटलं. पण खाली उत्तरांची रीघ लागली. "किती वाजता गं?" "सकाळी ठेव ना, संध्याकाळी लेकीचा वाढदिवस आहे." माझ्या सूचनेत विचारण्यासारखं कधी काही उरतच नसे.

काल मी मुद्दाम वेळ गाळली आणि फोन हातात घेऊन बसलो. मीनलने लगेच विचारलं, "दादा, नेहमीचीच वेळ ना?"

मी उत्तर द्यायच्या आत तिच्या प्रश्नाखाली दोन अंगठे उमटले.