राळेगावात बदललेला एक शब्द

यवतमाळहून राळेगावची एसटी निघाली तेव्हा तर्रीपोह्यांचा (पोह्यांवर झणझणीत रस्सा) ठसका अजून घशात होता. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) फुटलेली आणि बायका कमरेला ओटी बांधून वेचणी करत होत्या. कापसाच्या त्या वाईट वर्षांत बाहेरून येणारा जो तो इथलं दुःख टिपायला येई. मी नाशिकची, कॉलेजात शिकवणारी. मुक्त सॉफ्टवेअरचा, म्हणजे कुणालाही वापरता, वाटता आणि बदलता येणाऱ्या संगणकप्रणालीचा, प्रचार करायला निघाले होते.

राळेगावात संगीताताई मुली-बायकांसाठी संगणक वर्ग चालवत; तिथे दहा संगणक होते. 'जय भीम' म्हणत त्यांनी स्वागत केलं, चहा दिला आणि मी बोलायला उभी राहिले. नेहमीप्रमाणे सुरुवात भीतीने. तुमच्याकडच्या सॉफ्टवेअरच्या प्रती चोरीच्या आहेत, उद्या धाड पडेल, कंपन्या तुम्हाला गुलाम करून ठेवतील. बोलता बोलता पाहिलं, तर मुली दप्तरं आवरत होत्या. मागच्या रांगेतल्या एका बाईंनी, मी तपासणीलाच आलेय असं समजून, संगणक बंद केला. पाच मिनिटांत वर्ग जवळजवळ रिकामा झाला.

मी खजील होऊन बसले. संगीताताई रागावल्या नाहीत. शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, इथं जो येते तो काय वाईट आहे तेच सांगून जाते. ते आमाले माहीत आहे. तुमच्याजवळ चांगलं काय आहे, ते दाखवा ना."

मग त्या मला घरी जेवायला घेऊन गेल्या. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. दुपारी मुलींना त्यांनीच परत बोलावलं. या वेळी मी भाषण केलं नाही. माझा लॅपटॉप उघडला आणि मराठी मेनू दाखवला. मुली पुढे सरकल्या. जवळच्या तांड्यावरचे (बंजारा वस्ती) निवृत्त शिक्षक राठोड गुरुजी तिथे टायपिंग शिकत होते. त्यांनी 'पूर्ववत करा' (केलेला बदल मागे घेण्याची आज्ञा) या शब्दांवर बोट ठेवलं.

"असं कोण बोलते? 'वापस घ्या' काहून (का) नाही?"

"मग बदला," मी म्हणाले.

त्यांना ती थट्टा वाटली. मी भाषांतराची फाईल उघडून दिली. गुरुजींनी एका बोटाने नवे शब्द टाइप केले. सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडलं, तर मेनूत 'वापस घ्या'. मग हशा पिकला आणि प्रत्येकीला आपापला शब्द सुचू लागला. गोरबोलीतही (बंजारा बोली) असं होईल काय, गुरुजींनी विचारलं. होईल, पण ते तुम्हालाच करावं लागेल, असं सांगितल्यावर ते आणखीच खूश झाले.

या गडबडीत माझी बस चुकली. दुसऱ्या दिवशी दुपारी निघाले, तोवर मुलींनी दहाही संगणकांवर नवी प्रणाली चढवली होती.

नाशिकला पोचल्यावर आठवड्याभरात बदललेल्या शब्दांची यादी आली. त्यातले दोन मला मुळीच पटले नाहीत. फोन करून तसं सांगितलं, तर संगीताताई म्हणाल्या, वर्गात सगळ्यांचं मत घेतलं आहे, तेच राहतील. इतकी वर्षं मी स्वातंत्र्याच्या नावाने लोकांना घाबरवत आले होते. आज ते खरोखर त्यांच्या हाती गेलं होतं. हरून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.