लांबलेला रोजा

बहिणीला टोरांटोत मुलगी झाली, तेव्हा मी अम्मीला घेऊन तिकडे निघालो. नेमका रमजान चालू होता. सकाळी मुंबईहून निघून लंडनमार्गे त्याच दिवशी संध्याकाळी टोरांटोला, असं तिकिटावर छापलेलं होतं. भिंगारहून मुंबईला जाऊन यावं, एवढाच तो दिवस असेल, असं मी धरून चाललो. अम्मीलाही तसंच सांगितलं.

"मग मी रोजा धरते," ती म्हणाली. "मुसाफिराला सवलत हाय, ठाऊक हाय मला. पन एका दिवसासाठी कशाला सोडायचा?"

विमानतळावर उजाडायच्या आत तिनं घरची भाकरी खाऊन सेहरी केली. मला पित्ताचा त्रास, म्हणून मी रोजा धरला नव्हता.

लंडनला उतरलो तर बाहेर चांगली दुपार. दुसऱ्या विमानाची वाट बघत बसलो होतो, तेवढ्यात भिंगारहून अब्बांचा फोन आला. "अजान झाली, आमी रोजा सोडला. तुमचं काय?"

अम्मीनं काचेबाहेर बघितलं. "तुमचा सूर्य बुडला. माझा डोक्यावर हाय."

"मग तू थांबणार?"

"न थांबून काय करू? उन्हात कसा सोडू?"

अब्बांनी फोन ठेवला.

दुसऱ्या विमानात समोरच्या पडद्यावर नकाशा होता. टोरांटो पश्चिमेला, पण आमचं विमान बर्फाच्या प्रदेशाकडे वर चाललेलं दिसत होतं. नकाशाखाली राहिलेलं अंतर आणि घड्याळाची वेळ येत होती. ती वेळ कुठली, लंडनची की टोरांटोची, मला कळेना. खिडकीतला सूर्य तसाच. अम्मी दर थोड्या वेळानं विचारायची, "बुडतोय का रे?" मी म्हणायचो, "आता बुडेल." तसं म्हणायला मला काही आधार नव्हता.

मग तिला घेरी आली. चेहरा पांढरा पडला, हात गार. मी पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. तिनं एकवार खिडकीकडे बघितलं, बिस्मिल्ला म्हणाली आणि प्यायली. मी खजूर दिला, तोही खाल्ला. बराच वेळ तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

टोरांटोला बाहेर आलो तेव्हा कुठे दिवस मावळत होता. बहीण खजुराचा डबा घेऊन उभी होती. "अम्मी, अगदी वेळेवर आलीस. सोड रोजा."

"तो मघाशीच सुटला," अम्मी म्हणाली.

तेवढ्यात परत अब्बांचा फोन. ते दुसऱ्या दिवशीच्या सेहरीला उठले होते. बहीण एकदा फोनकडे बघे, एकदा आभाळाकडे.

ईदनंतर भिंगारला परतल्यावर अम्मीनं त्या दिवसाच्या बदल्यात एक रोजा धरला. धरताना मला विचारलं, "एकच ना रे? का दोन?" मी एक म्हणालो. बरोबर सांगितलं का, ते मला अजून ठाऊक नाही.