कागदाबाहेरची खाट

बाबा प्लांटमधून रिटायर झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. मोहन नगरात प्लॉट होता, तिथे घर बांधायचं ठरलं. नकाशा मीच काढला, घरच्या कॉम्प्युटरवर, ऑफिसात स्लाइड बनवते त्याच सॉफ्टवेअरमध्ये. भिंतींच्या रेघा, खाटांचे चौकोन. मागच्या बाजूला माझ्यासाठी एक छोटी खोली काढली: खाट, टेबल, खिडकी. चाळिशीला टेकलेली बिनलग्नाची बाई मी. जन्मभर हॉलमध्ये झोपले. त्या खोलीवर माझा फार जीव. कोणाच्या हातून काही सरकू नये म्हणून सगळं निवडलं आणि ग्रुप करून टाकलं. आता हललं तर अख्खं घर हललं असतं.

दुसऱ्या संध्याकाळी फाइल उघडली तर ग्रुप सुटलेला. बाकी सगळं जागच्या जागी, फक्त माझी खाट स्लाइडच्या बाहेर, करड्या पट्टीत पडलेली. मी ती आत ओढली, पुन्हा ग्रुप केलं. पुढच्या दिवशी परत बाहेर.

चूक अशी रोज होत नाही. राइट क्लिक करून अनग्रुप शोधावं लागतं, आणि घरात कॉम्प्युटर येणारी दुसरी एकच, वहिनी. तिनेच नकाशा पाहून म्हटलं होतं, "इथं मायी शिलाई मशीन बसली असती." झालं, माझ्या डोक्यात किडा शिरला. ती चहा आणून द्यायची तर मला त्यातही डाव दिसायचा. भाऊ शनिवारी नकाशा ठेकेदाराला देणार होता. त्याआधी तिला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत सिविक सेंटरच्या ऑफिसातून स्कूटी काढली आणि न सांगता घर गाठलं. चपला दारातच काढून हातात घेतल्या.

वहिनी मागे कपडे वाळत घालत होती. कॉम्प्युटरसमोर आई होती. चष्मा नाकाच्या टोकावर, माउस दोन्ही हातांनी धरलेला, खाट हळूहळू बाहेर ढकलत होती.

"आई, तू? हे तुले कोनं शिकवलं?"

"तू करून राहते तं मांगून पायते मी," ती म्हणाली. दचकलीसुद्धा नाही.

"मायी खोली कावून मोडून राहिली तू?" मी ओरडलेच.

"मोडली कुठं? पुसली नाई, बाजूले ठेवली." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरात खोली भेटली तं लग्न करून कावून जाशीन तू?"

"मी जानारच नाई."

"मालूम हाये मले. आमी गेल्यावर त्या खोलीत तू एकटी. तेच दिसते मले, दुसरं काई दिसत नाई."

वहिनीला सुनवायचं सगळं तोंडाशी तयार होतं. आईपुढे त्यातलं काही कामाचं नव्हतं. मी तिच्या हातातून माउस घेतला आणि खाट आत ओढली. ती उठून स्वयंपाकघरात गेली. मी एकटीच स्क्रीनसमोर राहिले, आणि पहिल्यांदाच मला त्या खोलीची भीती वाटली.