बिडी सोडवणारी सुई

गोंडपिपरीकडच्या एका खेड्यात मी नर्स होते आणि तिथलीच सून. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, धानाची शेती करायचे आणि दिवसभर बिडी ओढायचे. खोकला वाढला तसं डॉक्टरांनी बिडी बंद करायला सांगितलं. मामाजी तयारही झाले होते, पण त्याच आठवड्यात न्हाव्याच्या दुकानात त्यांनी पेपर वाचला. परदेशात बिडी-सिगारेट सोडवणाऱ्या लशीचे प्रयोग सुरू आहेत, अशी बातमी होती.

"आता घाई कायची?" घरी येऊन ते म्हणाले. "सुई येऊन राह्यली. तवरिक वढून घेतो."

मी लशींचा डबा घेऊन घरी आले की त्यांचा प्रश्न ठरलेला, "आली काय?"

"पोलिओची आहे, मामाजी."

"थेच पाजून दे यायले," सासूबाई चुलीजवळून म्हणायच्या. "तोंड तं बंद राहीन."

शेवटी मी डॉक्टरांना विचारलं आणि मामाजींना समजावलं. ती सुई हातातली बिडी काढून घेत नाही. तंबाखूची नशा रक्तातच अडवते, डोक्यापर्यंत जाऊ देत नाही. धूर निघेल, पण मजा येणार नाही.

मामाजींनी हातातली बिडी उलटसुलट करून पाहिली.

"मंग वढाचं काऊन?"

"तेच तर."

"असी सुई नोको बाप्पा. भात खाल्ला अन् पोट नाई भरलं, असं झालं हे."

त्यानंतर माझा डबा दिसला की ते मागच्या दाराने वावराकडे निघून जायचे.

धान कापताना त्यांच्या पायाला विळा लागला. मी इंजेक्शन भरलं, तसे ते मागे सरकले.

"थे बिडीवाली तं नाई ना?"

"नाही हो. धनुर्वाताची आहे."

त्यांनी टोचू दिलं, पण विश्वास काही बसला नाही. संध्याकाळी बिडी पेटवली, दोन झुरके घेतले आणि विझवली. "गेली मजा," ते म्हणाले. "सूनबाईनं डाव साधला." डॉक्टरांनीही खरं सांगून पाहिलं. मामाजींचं म्हणणं, हे दोघं एकाच दवाखान्याचे. धान घरी आलं तरी त्यांनी बिडीला हात लावला नाही. खोकला कमी झाला, जेवण वाढलं.

मग ते मार्कंड्याच्या जत्रेला गेले. तिथे जुन्या मित्राने बिडी पुढे केली. परत आले ते पडल्या चेहऱ्याने.

"असर उतरला, सूनबाई. मजा आली. दुसरा डोस कवा असते?"

धनुर्वाताचा दुसरा डोस राहिलेलाच होता, मामाजीच तो टाळत आले होते. मी पुन्हा सांगितलं की ही ती सुई नव्हे.

"हो, हो, धनुर्वाताची," बाही वर करत ते माझी समजूत काढल्यासारखं म्हणाले. "तू टोच."

बिडी पूर्ण सुटली नाही. जेवणानंतरची एक राहिली. ती लस आमच्याकडे कधी आली नाही. परदेशातले प्रयोग फसले, असं पुढे डॉक्टरांकडून कळलं. मी मामाजींना सांगितलं, तर त्यांना खरंच वाईट वाटलं.

"फसले? मले तं लागू पडली होती."