स्वेटर घातलेला सिलिंडर

आमच्या कालव्यावर बोटींत राहणाऱ्यांत नेव्हिल पार्गेटरइतका निळ्या गॅस सिलिंडरचा भक्त दुसरा नव्हता. थंडी पडली की आम्ही सगळे लाल, वेगळ्या गॅसचा, घ्यायचो, कारण पाणी गोठायच्या बेताला निळ्यातला गॅस तळाशी पातळच पडून राहतो, बर्नरपर्यंत येत नाही. नेव्हिलचं म्हणणं, "निळ्यात दम असतो. लाल म्हणजे तंबूवाल्या हौशी लोकांची सोय." हे त्याने पबमध्ये सांगितलं, कालव्याच्या लॉकवर दारं उघडायची वाट बघताना सांगितलं, एकदा तर कुणाच्या तरी दफनविधीतही सांगितलं.

मी बोटीवरून कोळसा आणि गॅस विकते. त्या जानेवारीत कालवा गोठला आणि माझी बोट नेमकी नेव्हिलच्या बोटीला खेटून अडकली. नाटक पहिल्या रांगेतून दिसलं.

"नेव्हिल, अंडं अजून कच्चंच आहे," आतून ग्लेनिसचा, त्याच्या बायकोचा, आवाज.

"ज्योत जरा विचार करतेय."

"विझलीये ती! चहा कसा करू?"

"कोळशाच्या शेगडीवर ठेव."

"त्या शेगडीवर सकाळचा चहा दुपारी होतो!"

नेव्हिल तरातरा बोटीच्या टोकाला आला, सिलिंडरच्या कप्प्याचं झाकण उघडलं, अंगातला स्वेटर काढला आणि सिलिंडरला चढवला.

"अरे, तो मी तुझ्यासाठी विणला होता!"

"ह्याला जास्त गरज आहे."

"आणि मला?"

"तू काय बंद पडलीयेस का?"

"उद्या पडेन! सकाळी कपभर गरम चहा मिळाला नाही, तर मी चालले एनिडकडे. माझ्या बहिणीच्या घरात भिंतीसुद्धा गरम असतात."

आणि खरंच, तिने बॅग भरून दाराशी ठेवली.

मी म्हटलं, "अहो, स्वेटर अंगातली ऊब राखतो. ह्याच्या अंगात कुठली ऊब? हवेतली थोडी लागत होती, तीही अडवलीत."

"पोरी, तू आपला कोळसा वीक."

उजाडता उजाडता माझ्या खिडकीवर टकटक. नेव्हिल आकाशाकडे बघत उभा.

"एक दे. ते... दुसऱ्या रंगाचं."

"कुठल्या?"

"हळू बोल ना, बाई! कॉलिन जागा असेल."

कॉलिन पलीकडच्या बोटीवरचा, लालवाला. कोळशाच्या पोत्याखाली झाकून आम्ही सिलिंडर नेला. त्याचा रेग्युलेटर वेगळा असतो, तोही मीच बसवला, साबणाचं पाणी लावून गळती तपासली. नेव्हिलने लगेच त्याला स्वेटर चढवला आणि पार बुडापर्यंत ओढला.

किटलीने शिट्टी मारली. कॉलिनने डोकं बाहेर काढलं.

"काय हो, निळा पेटला?"

"स्वेटर, बाबा! सगळी करामत स्वेटरची!"

थोड्या वेळाने बघते तर कॉलिनच्या सिलिंडरला मफलर. पलीकडे कुणाचा तर बायकोची शाल पांघरून बसला होता.

ग्लेनिस बाहेर आली. अंगात कोट, एका हातात बॅग, दुसऱ्यात वाफाळता कप. एक घोट घेतला. मग बॅग खाली ठेवून ती वाकली आणि दोन बोटांनी स्वेटरची कड वर उचलली.

नेव्हिल बर्फावरून घसरणारी बदकं बघायला लागला.

तिने कड हळूच खाली सोडली. थापटून सारखी केली.

"नेव्हिल."

"काय?"

"मार्चपर्यंत काढू नकोस हं हा. सर्दी होईल बिचाऱ्याला."

मग बॅग माझ्या हातात दिली. "आत ठेव गं. आणि नेव्हिल, तुला दुसरा विणते. लाल लोकर आहे माझ्याकडे."